हार्ट फेल्युअरच्या रुग्णात यकृताच्या कडकपणाचा आकडा कसा वाचावा?

मृद्‌गंध
माझ्या वडिलांचे वय 68 असून त्यांना गेली अनेक वर्षे हृदयाच्या अशक्तपणाचा, म्हणजे हार्ट फेल्युअरचा त्रास आहे. हृदयाची पंपिंग क्षमता शेवटच्या इकोमध्ये 30 टक्के आली होती. मागच्या महिन्यात पायांवर सूज वाढली, उजव्या बरगडीखाली जडपणा जाणवू लागला आणि रक्ततपासणीत बिलिरुबिन थोडे वाढलेले दिसले, म्हणून गावातील डॉक्टरांनी यकृताचा फायब्रोस्कॅन करून घेण्यास सांगितले. अहवालात यकृताचा कडकपणा 18.8 किलोपास्कल आला असून त्यापुढे ठळक अक्षरांत ‘एफ 4, सिरॉसिस सूचक’ असे छापले आहे, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होऊन कायमचे खराब होण्याचा शेवटचा टप्पा.

बाबांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही तपासण्या निर्दोष आहेत. सोनोग्राफीत यकृत आकाराने वाढलेले आहे, परंतु त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याचे लिहिले आहे. तरीही अहवाल वाचल्यापासून घरात ‘लिव्हर गेले’ असाच सूर आहे, आणि एका नातेवाइकांनी तर यकृत प्रत्यारोपणाच्या खर्चाची चौकशीही सुरू केली. या आकड्यावरून खरोखर सिरॉसिस म्हणता येते का, आणि हृदयरोग असलेल्या माणसात ही तपासणी कशी वाचावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चौकस
माझ्या माहितीप्रमाणे 12.5 किलोपास्कलच्या वर आकडा गेला की सिरॉसिस समजतात. तेव्हा 18.8 म्हणजे शंकेला जागा उरत नाही, असे वाटते. यकृततज्ज्ञांना लवकर दाखवावे.

डॉ. मारवा
@चौकस, 12.5 ही मर्यादा आपण बरोबर सांगितलीत, पण ती कोणत्या रुग्णांवरून ठरली हेही पाहायला हवे. ती प्रामुख्याने हिपॅटायटिस सी असलेल्या रुग्णांच्या बायोप्सींशी ताडून ठरवलेली आहे. त्या रुग्णांचे हृदय ठीक होते, त्यामुळे यकृत जितके कडक तितके त्यात तंतू (इजेनंतर उरणारी व्रणासारखी ऊती) अधिक, हे समीकरण तेथे बऱ्यापैकी चालते. मृद्‌गंध यांच्या वडिलांना ते जसेच्या तसे लावता येत नाही.

यकृतातून बाहेर पडणारे रक्त यकृतनिलांमधून अधोमहानीलेत (शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) आणि तेथून लगेच हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यात, जाते. या वाटेत कुठेही झडप नाही. हृदयाच्या उजव्या बाजूला दाब वाढला की तो थेट यकृतात मागे येतो आणि रक्त तुंबते. यकृताभोवती एक घट्ट आवरण असते, ज्याला ग्लिसनचे आवरण म्हणतात. ते फारसे ताणले जात नाही, त्यामुळे आत रक्त तुंबले की अवयव ताठ होतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यावर ती दाबून पाहावी, तसे हे आहे. रबर तेच असते, पण बोटाला कडक लागते. यंत्राला कडकपणा तेवढा कळतो. तो तंतूंमुळे आला की दाबामुळे, हे यंत्र सांगू शकत नाही.

त्यामुळे ‘एफ 4’ हे शब्द सध्या बाजूला ठेवावेत. ते निदान कोणी डॉक्टरने विचार करून लिहिलेले नसते. आकड्याच्या तक्त्यावरून अहवालात ते बहुधा आपोआप उमटते.

शंकासुर
म्हणजे यंत्राने वडिलांची विचारपूस केलीच नाही, थेट निकाल दिला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची हीच पद्धत आहे.

ध्वनिलहर
मी सोनोग्राफीच्या क्षेत्रात आहे, म्हणून यंत्राच्या बाजूने थोडे लिहितो.

फायब्रोस्कॅन हे फ्रान्समधील इकोसेन्स या कंपनीचे यंत्र आहे आणि या पद्धतीचे पहिले शोधनिबंध 2003 च्या सुमारास आले. रुग्णाला उताणे झोपवून उजवा हात डोक्यामागे ठेवायला सांगतात, म्हणजे बरगड्यांमधील जागा मोकळी होते. तेथे प्रोब टेकवून बटण दाबले की त्वचेवर हलकीशी टिचकी बसते. ही 50 हर्ट्झची कंपने असतात. त्यातून यकृतात एक मंद लहर पसरते, जिला शिअर वेव्ह म्हणतात, आणि त्या लहरीचा पाठलाग अल्ट्रासाउंडने केला जातो. कडक यकृतात लहर वेगाने धावते, मऊ यकृतात सावकाश. निदान दहा वैध मोजमापे घेऊन त्यांचा मध्यक अहवालात देतात.

आता मृद्‌गंध यांना विनंती. अहवालात ‘आयक्यूआर (मोजमापांतील पसारा) भागिले मध्यक’ अशा अर्थाचा टक्केवारीतील एक आकडा असेल. तो 30 टक्क्यांच्या आत आहे का, ते पाहावे. जास्त असेल तर मोजमापे एकमेकांशी जुळत नव्हती आणि मुळात 18.8 वरच फार विसंबू नये. दुसरे, तपासणीपूर्वी वडील किती तास उपाशी होते? जेवणानंतर यकृताकडे येणारे रक्त वाढते आणि आकडाही वाढतो, म्हणून किमान दोन-तीन तास पोटात काही नसावे. तिसरे, श्वास कसा रोखला? खोल श्वास घेऊन किंवा कुंथून धरला तर छातीतील दाब वाढतो आणि यकृत तेवढ्यापुरते अधिक कडक भासते. सहज श्वास सोडता सोडता मध्येच थांबवणे, ही योग्य पद्धत.

मृद्‌गंध
@ध्वनिलहर, आभारी आहे. अहवालात तो आकडा 14 टक्के आहे. मात्र तपासणी दुपारी झाली आणि बाबांनी त्याआधी वरणभात खाल्ला होता, कारण उपाशी यावे असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. श्वासाबाबत बाबा म्हणतात की, ‘छाती भरून श्वास घ्या आणि थांबा’ असेच सांगितले होते.

शंकासुर
तर मग 18.8 पैकी दोन-तीन किलोपास्कल वरणभाताच्या नावे लिहावेत, तूप वेगळे.

डॉ. मारवा
विनोद सोडला तर मुद्दा खरा आहे, परंतु वरणभात आणि श्वास मिळूनही सामान्य यकृत 5 वरून 18 पर्यंत सहसा जाणार नाही. रक्त तुंबल्याने मात्र सहज जाते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी 2010 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी डुकराचे यकृत शरीराबाहेर घेतले आणि त्याच्या शिरांमधील दाब हळूहळू वाढवत नेला. दाबाबरोबर कडकपणा वाढत गेला आणि पाण्याच्या 36 सेंटिमीटर दाबाला तो 75 किलोपास्कलपर्यंत, म्हणजे यंत्राच्या मोजण्याच्या कमाल मर्यादेपर्यंत पोहोचला. त्या यकृतात या काळात एकही नवा तंतू तयार झालेला नव्हता. त्याच अभ्यासात हृदयविकार बळावून दाखल झालेल्या दहा रुग्णांचे मोजमाप उपचारांपूर्वी व नंतर घेतले होते. लघवीच्या औषधांनी पाणी उतरल्यावर दहाही जणांचा आकडा खाली आला. खरा सिरॉसिस असा काही दिवसांत उतरत नाही.

जास्वंदी
येथे आमचा अनुभव लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्याकडे नेमके उलट्या बाजूने घडले.

माझ्या सासूबाईंचे पोट पाण्याने फुगत असे. त्या मानाने पायांवर सूज कमी होती. पोटात पाणी आणि यकृत वाढलेले, म्हणून त्यांच्यावर बराच काळ सिरॉसिसचेच उपचार चालले. महिन्याकाठी पोटातील पाणी काढले जाई. पुढे दुसऱ्या शहरातील एका तरुण डॉक्टरांनी त्यांना अर्धवट टेकून बसवले, मान जराशी डावीकडे वळवायला सांगितली आणि विजेरीच्या उजेडात मानेच्या शिरेकडे बराच वेळ पाहत राहिले. शीर जबड्यापर्यंत फुगलेली होती आणि श्वास आत घेताना ती खाली जाण्याऐवजी आणखी वर चढत होती. त्यांनी त्याच दिवशी इको आणि नंतर सीटी स्कॅन करवून घेतले. हृदयाभोवतीचे आवरण जाड होऊन आवळले गेले होते. क्षयरोग पूर्वी होऊन गेला होता, त्याचा तो परिणाम निघाला. शस्त्रक्रियेने ते आवरण काढल्यावर पोटात पाणी भरणे थांबले.

म्हणून मृद्‌गंध यांना सुचवावेसे वाटते की, वडिलांची मान कोणी पाहिली आहे का, हे आधी विचारावे.

डॉ. मारवा
@जास्वंदी, आपले उदाहरण आपल्या देशासाठी फार महत्त्वाचे आहे. क्षयरोगामुळे हृदयाचे आवरण आवळले जाणे आणि त्यावर सिरॉसिसची चिठ्ठी चिकटणे, हे येथे वारंवार घडत आले आहे. अशा वेळी पोटातील पाण्याची तपासणीही दिशा दाखवते. हृदयामुळे साठलेल्या पाण्यात प्रथिने बहुधा डेसिलिटरमागे 2.5 ग्रॅमपेक्षा अधिक असतात. सिरॉसिसमध्ये ती सहसा कमी असतात.

गणितवेडा
आकड्यांबाबत आणखी एक खबरदारी सांगतो. काही केंद्रे किलोपास्कलऐवजी लहरीचा वेग मीटर प्रति सेकंदात देतात. दोन्हींचे नाते असे: कडकपणा म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले तीन, कारण यकृताची घनता पाण्याइतकीच धरतात. वेग 1 मीटर प्रति सेकंद असेल तर 3 किलोपास्कल, 2 असेल तर 12 आणि 2.5 असेल तर 18.75. वेग थोडा वाढला तरी कडकपणाचा आकडा मोठी उडी घेतो.

आमच्या मेहुण्यांचा पहिला अहवाल 18 किलोपास्कलचा होता आणि दुसऱ्या केंद्रातील अहवाल 1.9 आला. घरात पेढे आले, शेजारी वाटले गेले. नंतर मी गणित करून दाखवले की 1.9 मीटर प्रति सेकंद म्हणजे जवळपास 10.8 किलोपास्कल. सुधारणा होतीच, पण पेढ्यांइतकी नव्हती.

ध्वनिलहर
@गणितवेडा यांनी योग्य वेळी हे लिहिले. त्यात भर अशी की, फायब्रोस्कॅन आणि नेहमीच्या सोनोग्राफी यंत्रावरील शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफी या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकास एक जुळत नाहीत. तुलना करायची तर त्याच यंत्रावर, तशाच उपाशी अवस्थेत आणि शक्यतो त्याच माणसाकडून करावी.

सोनोग्राफीवरील पद्धतीचा एक फायदा म्हणजे चित्र समोर दिसते, त्यामुळे मोठी रक्तवाहिनी टाळून जागा निवडता येते. पोटात पाणी असेल तर फायब्रोस्कॅनची बाहेरून दिलेली टिचकी यकृतापर्यंत पोहोचत नाही, कारण शिअर वेव्ह द्रवातून पुढे जात नाही. सोनोग्राफीवरील पद्धतीत लहर अल्ट्रासाउंडच्या झोताने यकृताच्या आतच निर्माण होते, म्हणून थोडे पाणी असूनही मोजमाप जमू शकते. शिवाय त्याच बैठकीत यकृतनिलांचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी) आणि अधोमहानीलेची रुंदी पाहता येते. ती 21 मिलिमीटरपेक्षा रुंद असेल आणि नाकाने जोरात श्वास ओढल्यावरही निम्म्याने आकसत नसेल, तर उजव्या बाजूचा दाब वाढलेला आहे असे समजतात. या माहितीशिवाय हृदयरुग्णाचा किलोपास्कलचा आकडा एकटा वाचणे मला तरी पटत नाही.

निशिगंध_सांगली
माझ्या भावाला पेसमेकर आहे. त्याने ही तपासणी करावी का?

ध्वनिलहर
@निशिगंध_सांगली, शरीरात पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असल्यास फायब्रोस्कॅनच्या बाबतीत उत्पादकाने पूर्वापार सावधगिरीचा इशारा दिलेला आहे. अशा रुग्णांवरही अभ्यास झाले आहेत, परंतु आपण भावाच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नये आणि केंद्रात आधीच तसे सांगावे.

चौकस
माझा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. आकडा दाबामुळे वाढतो हे मान्य. पण मग हृदयरुग्णात ही तपासणी करावीच कशाला? वजनकाटा, पायांची सूज आणि मानेची शीर हे सगळे फुकटात दाब सांगत असतील, तर एवढा खर्च करून जो आकडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो तो कोणाच्या उपयोगाचा?

डॉ. मारवा
प्रश्न रास्त आहे आणि यावर आम्हा डॉक्टरांतही एकमत नाही. माझे स्वतःचे मत आपल्या बाजूला झुकते. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी घेतलेले वजन मला कोणत्याही स्कॅनपेक्षा अधिक कामाचे वाटते. लघवीच्या गोळीचा डोस मी किलोपास्कल पाहून ठरवत नाही.

ध्वनिलहर
येथे माझा डॉक्टरसाहेबांशी मतभेद आहे. मानेची शीर पाहणे उत्तम, परंतु जाड मानेच्या रुग्णात ती दिसत नाही आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती शोधायला वेळही कोणाकडे नसतो. वजनही फसवते, कारण दीर्घ आजारात स्नायू झिजतात आणि पाणी वाढूनही काटा जागेवर राहतो. जपानमधील अभ्यासांत कॅथेटर घालून मोजलेला उजव्या कर्णिकेचा दाब आणि यकृताचा कडकपणा हे बरोबरीने वाढताना दिसले आहेत. आणखी महत्त्वाचे म्हणजे, रुग्णालयातून घरी जाताना ज्यांच्या यकृताचा कडकपणा जास्त राहिला होता त्यांच्यात पुन्हा दाखल होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. पायांची सूज उतरली म्हणून आपण रुग्णाला घरी पाठवतो, पण यकृतात रक्त अजून तुंबलेले असू शकते. त्या उरलेल्या तुंबलेपणाची खूण म्हणून हा आकडा मला मोलाचा वाटतो.

डॉ. मारवा
पुढे काय होईल याचा अंदाज देणे वेगळे आणि त्या आकड्यावरून उपचार बदलल्याने रुग्णाचा फायदा होतो हे सिद्ध होणे वेगळे. दुसरी गोष्ट भक्कमपणे सिद्ध होईपर्यंत मी रुग्णाला या खर्चात पाडणार नाही. ज्याची आधीच तपासणी झालेली आहे, त्याची पुन्हा करून तुलना करण्यास मात्र माझी हरकत नाही.

पॅथकाका
दोघांच्या वादात एक गोष्ट मागे पडते आहे. अनेक वर्षे रक्त तुंबून राहिले तर तंतूही निर्माण होतात. मी पॅथॉलॉजीत काम केले आहे आणि असे यकृत कापून पाहिलेले आहे. कापलेल्या पृष्ठभागावर गडद लाल आणि फिकट पिवळसर ठिपक्यांची नक्षी दिसते, अगदी किसण्यासाठी अर्धे कापलेल्या जायफळासारखी, आणि पुस्तकांतही त्याला जायफळी यकृतच म्हणतात. गडद भाग मध्यवर्ती शिरेभोवतीचा असतो, जेथे रक्त साठून पेशी दबतात व मरतात. तंतूंची सुरुवात तेथूनच होते. हिपॅटायटिसमध्ये ती सहसा उलट टोकाला, म्हणजे जेथून रक्त आत शिरते त्या भागाभोवती होते. या कारणानेही हिपॅटायटिसवरून बेतलेले एफ 1 ते एफ 4 हे टप्पे हृदयरुग्णाला नीट बसत नाहीत. निव्वळ हृदयामुळे पूर्ण सिरॉसिस होणे विरळच, तथापि वाटेतील तंतुमयता विरळ नाही.

ज्यांना लहानपणी जन्मजात दोषासाठी फॉन्टान शस्त्रक्रिया करावी लागली, त्यांच्यात ही अडचण सर्वांत तीव्र दिसते. त्यांच्या शिरांतील रक्त पंपाविना थेट फुप्फुसांकडे वळवलेले असल्याने यकृतातील दाब आयुष्यभर चढा राहतो, आणि तंतू व रक्तसंचय यांची बेरीज वेगळी करणे कोणत्याही इलॅस्टोग्राफीला नीट जमत नाही.

चौकस
@पॅथकाका, मग दोन्ही वेगळे करण्याचा खात्रीचा मार्ग कोणता?

पॅथकाका
मानेच्या शिरेतून नळी यकृतनिलेपर्यंत नेऊन दाब मोजणे आणि त्याच वाटेने बायोप्सीचा तुकडा घेणे. केवळ हृदयामुळे रक्त तुंबले असेल तर यकृतनिलेतील मुक्त दाब आणि नळीचे टोक अडकवून घेतलेला दाब हे दोन्ही वाढलेले असतात, पण त्यांतील फरक सामान्य राहतो. सिरॉसिसमध्ये तो फरक वाढतो. परंतु हे सर्वांना करायचे नसते. हृदय प्रत्यारोपणाचा विचार चालू असेल आणि यकृत ते सोसेल का हे ठरवायचे असेल, अशा वेळीच त्याचा जोखमीच्या मानाने लाभ आहे. बाहेरून सुई घालून बायोप्सी करणे तर रक्त तुंबलेल्या, त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसात धोक्याचे.

मृद्‌गंध
सर्वांचे मनापासून आभार. येथील चर्चेनंतर आम्ही बाबांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले. मानेची शीर फुगलेली होती आणि अधोमहानीला 24 मिलिमीटर होती. टॉरसेमाइड या लघवीच्या गोळीचा डोस वाढवला, मीठ कडकपणे कमी केले (लोणचे आणि पापड यांवरून घरात छोटे युद्ध झाले, ते वेगळे) आणि वजन साडेपाच किलोने उतरले. बरगडीखालचा जडपणा गेला. त्यानंतर त्याच केंद्रात, सकाळी उपाशीपोटी, पुन्हा फायब्रोस्कॅन केला तेव्हा आकडा 11.2 आला. अहवालात आता ‘एफ 3’ छापले आहे. नातेवाईक विचारत आहेत की, सिरॉसिस बरा झाला का.

शंकासुर
नातेवाइकांना सांगावे की जो आला नव्हता तो गेला.

ध्वनिलहर
उत्तम उतार आहे. पहिल्या आकड्यात दाबाचा, आणि थोडाफार त्या वरणभाताचाही, वाटा मोठा होता हे यावरून स्पष्ट होते. परंतु 11.2 हे निरोगी यकृताच्या साधारण 5 च्या आसपासच्या आकड्यापेक्षा अजून दुपटीहून अधिक आहे. महानीला आता किती आहे?

मृद्‌गंध
19 मिलिमीटर, आणि श्वासाबरोबर आकसते असे लिहिले आहे.

डॉ. मारवा
मग शिरांतील दाब बराच निवळला आहे आणि उरलेल्या आकड्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. त्यात पॅथकाका म्हणतात तशी जुन्या रक्तसंचयाची तंतुमयता असू शकेल. मधुमेह किंवा स्थूलपणा असेल तर चरबीयुक्त यकृताचाही भाग असेल. वडिलांना मधुमेह आहे का? आणि त्यांच्या औषधांची संपूर्ण यादी येथे लिहाल का? विशेषतः हृदयाच्या ठोक्यांसाठी काही चालू आहे का?

मृद्‌गंध
मधुमेह नाही. औषधे अशी: टॉरसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, बिसोप्रोलॉल, डापाग्लिफ्लोझिन, असेनोकोमॅरॉल (रक्त पातळ करणारी गोळी), आणि ठोके अनियमित होत असल्याने गेली चार वर्षे अमिओडॅरोन.

डॉ. मारवा
अमिओडॅरोन दीर्घकाळ घेतल्यास ते स्वतःच यकृताला इजा करू शकते, अगदी तंतुमयतेपर्यंत, आणि ती इजा हृदयाच्या खात्यावर जमा होऊन नजरेआड राहते. गोळी मनाने मुळीच बंद करू नये, ठोके बिघडण्याचा धोका त्याहून मोठा आहे. पुढच्या भेटीत यकृताची एंझाइमे आणि थायरॉइड यांचे अलीकडचे अहवाल सोबत न्यावेत, ही गोळी अजून आवश्यक आहे का आणि तिला पर्याय आहे का हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. वजन वेगाने उतरले आहे, म्हणून क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम तपासून घ्यावे, आणि यकृतातील रक्तसंचय बदलला की असेनोकोमॅरॉलचा परिणामही बदलतो, तेव्हा आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे हे सांगणारी तपासणी) याच आठवड्यात करावा. फायब्रोस्कॅनची घाई नाही, तो काही महिन्यांनी पुन्हा केला तरी चालेल.

मृद्‌गंध
आयएनआर उद्याच करून घेते. अमिओडॅरोनबद्दल आजवर कोणत्याच केंद्रात आम्हाला विचारले गेले नव्हते. सोमवारी भेटीची वेळ मिळाली आहे, तेथे काय ठरते ते येथेच लिहीन.